जाते थांबले, ओवीचे काय?



आज सकाळी उठल्यापासून आपण काय काय केले, ते जरा आठवून पाहा. चहाचे आधण ठेवले असेल, गोठा झाडला असेल, मुलांना शाळेसाठी उठवले असेल. आणि हे सारे करीत असताना केव्हातरी ओठांवर एखादे गाणे आले असेल. ते कोणी सांगितले म्हणून येत नाही. काम चालू असते आणि गाणे आपले आपण सुरू होते. हात गुंतलेले असले की गळा मोकळा होतो, असे म्हणा ना!

आता माझा दुसरा प्रश्न. ते गाणे कोणाचे होते? आपण म्हणाल, सिनेमातले होते, किंवा अमक्या कवीचे, तमक्या गायिकेचे होते. बरोबर आहे. पण हाच प्रश्न आपण आपल्या पणजीला विचारला असता, तर तिला तो कळलाच नसता. ती म्हणाली असती, "कुणाचं म्हंजे? माझंच की!"

आजच्या भाषणात मला एवढेच सांगायचे आहे. आपले गुणगुणणे थांबलेले नाही. थांबले आहे ते रचणे. हे कसे झाले, आणि त्यात आपण काय गमावतो आहोत, ते आपण मिळून पाहू.

सुरुवात जात्यापासून करू. शिक्षकमंडळींपैकी पुष्कळांच्या वर्गात आज अशी मुले असतील, की ज्यांनी जाते फक्त अंगणाच्या कडेला पालथे पडलेले पाहिले आहे. म्हणून थोडे सांगतो. दगडाच्या दोन गोल तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. मध्ये खीळ, कडेला हाताने धरायचा लाकडी खुंटा. वरच्या तळीच्या तोंडात मूठभर दाणे टाकायचे, त्याला वैरण घालणे म्हणतात. मग खुंटा धरून ओढायचे. घरातल्या सगळ्यांच्या भाकरीचे पीठ पहाटे, अंधार असतानाच दळून व्हायला हवे. एकटी बाई दळी, किंवा सासू-सून, जावा-जावा समोरासमोर बसत. एकीने ओवी उचलायची, दुसरीने ती झेलायची.

ओवी कशासाठी? पहिले कारण अगदी साधे आहे. दगड जड असतो. तो झटक्याने ओढला तर दम लागतो; एका लयीत फिरवला तर निभावते. ओवी त्या लयीचे माप होती. दुसरे कारण झोप. पहाटेच्या डोळ्यांवरची झोप गाण्याने उडते. आणि तिसरे कारण सर्वांत मोठे. दिवसभर जे बोलता येत नसे, ते जात्याशी बोलता येई. दगडाच्या घरघरीत कोण काय म्हणते ते ओसरीपर्यंत नीट पोहोचत नसे. सासरचा जाच, माहेरची ओढ, न आलेला भाऊ, गेलेले मूल, हे सारे तेथे निघे. दळण सरले की गाणे मिटे, आणि बाई पुन्हा मुकाट्याने कामाला लागे.

ही चाल किती जुनी? आता बाराव्या शतकात जाऊ. कल्याणी, म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. तो शके १०५१ चा, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमाराचा मानतात. राज्य कसे चालवावे, हत्ती-घोडे कसे पारखावेत, ताटात काय काय असावे, अशा शेकडो गोष्टी त्यात आहेत. आणि गाण्याच्या प्रकरणात राजा सहज सांगून जातो, की महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात. गंमत पाहा! राजेरजवाड्यांच्या त्या पोथीत आपल्या मुसळाशी उभ्या असलेल्या बाईला जागा मिळाली, ती तिच्या गाण्यामुळे. तिचे नाव नाही, गाव नाही. पण ती गात होती, ही साक्ष आहे. या गोष्टीला आता जवळजवळ नऊशे वर्षे होत आली.

त्यानंतर सुमारे एकशे साठ वर्षांनी, शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी झाली. तिच्यात सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. गीतेचा अर्थ सामान्य माणसाच्या कानापर्यंत न्यायचा, तर त्याच्या घरातलेच छंद-वळण घ्यावे लागते. ज्ञानदेवांनी ओवी घेतली. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी या सख्ख्या बहिणी. एकीला पोथी मिळाली, दुसरी गळ्यातच राहिली, एवढाच फरक. त्याच काळातली संत जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करी, आणि तिच्या अभंगांत ते दळणकांडण जागोजाग आले आहे. पंढरपूरजवळ गोपाळपूरला वारकरी आजही जनाबाईचे जाते पाहतात. विठ्ठल स्वतः तिच्यासोबत दळायला बसे, ही कथा आपल्याला ठाऊकच आहे. कथा म्हणून ती घ्या; पण ती सांगणाऱ्या लोकांच्या मनात काय होते, ते पाहा. दळणारी बाई एकटी असू नये, तिचे ऐकणारे कोणीतरी असावे, एवढे त्यांना नक्की वाटत होते.

जाते हे एक झाले. गाणे घराबाहेरही होते. विहिरीवर मोट चाले, तेव्हा बैल धावेवरून उतरताना मोटकरी गाणे म्हणे. कापणीला माणसांची रांग लागे, तेव्हा भलरी होई. एकाने म्हणायचे आणि रांगेने उचलायचे. कोकणात भाताच्या लावणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बायका गात. पाळण्याच्या दोरीला गाणे, हळदीच्या दळणाला गाणे, भोंडल्याच्या फेराला गाणे. कामाचा म्हणून जो ठेका, तोच गाण्याचा ठेका. कामगार आणि कवी ही दोन निराळी माणसे नव्हती.

याचा सर्वांत उजळ दाखला खानदेशात सापडतो. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. चौधरींच्या घरात त्या आल्या, शेतात राबल्या, लवकर वैधव्य आले. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, चुलीपाशी, शेतात त्या आपल्या बोलीत रचून म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे कवी. त्यांनी आणि घरातल्या माणसांनी त्यांतले काही उतरून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. आज मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना त्यांची एखादी तरी कविता आठवते. २०१८ साली तर जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिच्या नावाने आता पदव्या दिल्या जातात!

पण शिक्षकहो, येथे एक गोष्ट मनाला लागते. बहिणाबाईंच्या घरात लिहिणारा मुलगा होता. ज्यांच्या घरात तो नव्हता, त्यांचे काय झाले?

विसाव्या शतकात गावोगाव पिठाची गिरणी आली. आधी तेलाच्या इंजिनावर, पुढे विजेवर. डोक्यावर डबा घेऊन गिरणीत जायचे आणि दळण घेऊन यायचे. त्याच सुमारास मोटेच्या जागी पंप आला, पुढे मळणीला यंत्र आले. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, बरे का! जाते ओढून ज्यांचे खांदे गेले, त्यांना विचारा. गिरणी आली तेव्हा बायकांना पहाटेची झोप मिळाली, आणि ती त्यांची हक्काची होती. ओवीसाठी पुन्हा जाते ओढा, असे म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. पण ओवी त्या दगडालाच बांधलेली होती. दगड थांबला आणि ओवी उतरून कोठे बसावी, ते तिला कळेना.

याच काळात गाणे दुसऱ्या वाटेने घरात येऊ लागले. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. तबकड्या आल्या, रेडिओ आला. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुण्याच्या आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, वर्षभरात छप्पन्न गीते. लोक वेळ साधून रेडिओपाशी बसत, आणि मग आठवडाभर तेच गुणगुणत. ती गोडी काही खोटी नव्हती. आज मोबाइलवर हजारो गाणी आहेत. पण लक्षात घ्या, आपली भूमिका बदलली. पूर्वी आपण गाणे करीत होतो आणि गातही होतो. आता आपण ऐकतो, आणि ऐकलेले परत म्हणतो. दुसऱ्याच्या शब्दांत आपले दुःख बसते खरे, पण थोडे सैल बसते. सुनेचे नाव, गावाची वाट, भावाची बैलगाडी, यांतले त्यात काहीच नसते.

सुदैवाने काही माणसांनी वेळीच वही उघडली. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' सिद्ध केले. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे गावोगावची गाणी छापून काढली. आणि पुण्याच्या हेमा राईरकर व फ्रान्सहून येऊन येथे स्थायिक झालेले गी पॉइटव्हिन यांनी १९८० नंतरच्या काळात मुळशीसारख्या डोंगरी मुलखातून आरंभ करून, अनेक कार्यकर्त्या बायकांच्या मदतीने, हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. हजारो ओव्यांचे आवाजही त्यांनी राखून ठेवले.

त्या लाख ओव्यांत काय आहे? राम-सीता आहेत, विठ्ठल आहे, पंढरीची वाट आहे. आई, लेक, भाऊ आहेत. आणि आणखीही काही आहे. दलित वस्त्यांतल्या बायकांनी जात्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई आणि बुद्ध यांच्या ओव्या रचल्या. ओवी जुनी, पण तिच्यात आलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोरचा. म्हणजे ओवी ही केवळ जुनी ठेव नव्हती. वर्तमानपत्र ज्यांच्या हाती नव्हते, त्यांनी आपल्या काळाचा हा इतिहास स्वतः रचला होता. इतिहासाच्या पुस्तकात लढाया सापडतील. पण एखाद्या घटनेने झोपडीतल्या बाईच्या मनात काय झाले, हे येथेच सापडेल.

एक अनुभव सांगतो आणि आवरतो. एका खेड्यात मी एका आजींना ओवी म्हणायला सांगितले. त्या खुर्चीवर बसून लाजत म्हणाल्या, "आता काय याद हाय? समदं गेलं." त्यांच्या सुनेला युक्ती सुचली. तिने पडवीतले जाते पुसून मधोमध मांडले. आजी खाली बसल्या, रिकाम्या जात्याचा खुंटा त्यांनी धरला आणि दोन फेरे दिले. तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. मग एकामागून एक येतच राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. गाणे त्यांच्या डोक्यात नव्हते, ते हातात होते. आता आपणच हिशेब करा, असे हात आपल्या गावात किती उरले आहेत? ज्यांनी जाते खरोखर ओढले, त्या बायका आता वार्धक्यात आहेत. दर साली त्यांतल्या काही कमी होतात.

म्हणून शिक्षकहो, एक विनंती. या सुट्टीत मुलांना एक वही द्या. प्रत्येकाने आपल्या आजीकडे, शेजारच्या म्हातारीकडे जावे. तिला आधी विचारावे, "आजी, लिहून घेऊ का?" ती म्हणेल तसेच लिहावे. तिची बोली शुद्ध करू नये. बहिणाबाईंची गाणी कोणी पुस्तकी करून टाकली असती, तर त्यांत काय उरले असते? सांगणारीचे नाव, गाव, ती ओवी तिने कोणाकडून घेतली, कोणते काम करताना म्हटली, हे खाली टिपावे. मोबाइलवर आवाजही घ्यावा. आणि सर्वांत शेवटी, वहीचे एक पान कोरे ठेवावे. त्या पानावर मुलाने स्वतःची एक ओवी लिहावी. शाळेच्या वाटेवरची, एस.टी. चुकल्याची, ऊसतोडीला गेलेल्या आईची. वेडीवाकडी असली तरी चालेल.

आणि आयाबहिणींनो, आपल्यालाही सांगतो. भाकऱ्या थापताना, भांडी घासताना, खुरपताना जे गाणे ओठांवर येईल ते खुशाल म्हणा. पण एखादे वेळी त्यात आपला एक शब्द घालून पाहा. लेकीचे नाव घाला, गावच्या ओढ्याचे नाव घाला. जाते गेले ते गेले. मात्र आपले सुखदुःख आपल्याच शब्दांत म्हणायची नऊशे वर्षांची सवय त्याच्याबरोबर जाऊ देऊ नका.