75 मिलिमीटर : एका फियाट इंजिनाचा मागोवा

इंजिनाचं घराणं शोधायला निघालेला माणूस आधी सीसी विचारतो. पण सीसीवरून कूळ कळत नाही. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, थोडा वाढवला आणि पिस्टन मोठा घातला की सीसी वाढते; कारखान्याला त्यासाठी फार मोडतोड करावी लागत नाही. पिस्टन खाली-वर किती जातो, म्हणजे स्ट्रोक, हे मात्र क्रँकशाफ्टच्या घडणीतच ठरलेलं असतं. तो बदलायचा तर क्रँकच्या फोर्जिंगचे साचे नवे, मशिनिंग नवं, बहुतेक वेळा ब्लॉकची उंचीही नवी. खरा पैसा तिथे गुंतलेला असतो, त्यामुळे कंपनी त्याला सगळ्यात शेवटी हात लावते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत, म्हणजे प्रीमियर पद्मिनीत, जे चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं त्याचा स्ट्रोक होता 75 मिलिमीटर. तो धरून मागे जात राहिलं की आपण थेट 1932 सालच्या इटलीत पोचतो.

त्या वर्षी तोरीनोच्या फियाट कंपनीने 508 बलिल्ला ही छोटी गाडी मिलानच्या प्रदर्शनात आणली. बोअर 65, स्ट्रोक 75, एकूण 995 सीसी, ताकद सुरुवातीला 20 अश्वशक्ती. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच बसवलेले. अशी रचना स्वस्त पडते आणि दुरुस्तीला सोपी जाते. पण आत येणारं मिश्रण वळसा घालून येतं, ज्वलनाची जागा पसरट होते, कॉम्प्रेशन फार वाढवता येत नाही. दोन वर्षांनी बलिल्लाच्या स्पोर्ट गाडीत फियाटने व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. ब्लॉक तेवढाच, सीसी तेवढीच, पण ताकद 36 अश्वशक्ती. नुसत्या हेडच्या जोरावर एवढा फरक पडतो हे कंपनीने आपल्याच मालावर पाहिलं.

1937 मध्ये आलेल्या 508 सी मध्ये तो धडा साध्या गिऱ्हाइकाच्या गाडीत उतरला. हे काम दान्ते जाकोझा या तरुण इंजिनिअरचं. वय 32, आदल्याच वर्षी त्याची चिमुकली टोपोलिनो रस्त्यावर आली होती. 508 सी साठी बोअर 65 वरून 68 झाला, स्ट्रोक राहिला 75, आणि 1089 सीसी हा आकडा जन्माला आला. बिडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, तीन मेन बेअरिंगांचा क्रँक, कॅमशाफ्ट बाजूला ब्लॉकमध्ये आणि तिथून पुशरॉडने हलणारे वरचे व्हॉल्व्ह. ताकद 32 अश्वशक्ती, गाडीचा वेग ताशी 110 किलोमीटर. त्या काळात एवढ्या लहान घरगुती गाडीसाठी हा वेग मोठाच होता. पद्मिनीचं बॉनेट उघडून ज्याने आत पाहिलं आहे त्याला ही सगळी मांडणी तोंडपाठ असेल.

पुढे या घराण्याच्या शाखा फुटल्या. फ्रान्समध्ये आंरी पिगोझीची सिम्का कंपनी फियाटच्या परवान्यावर गाड्या बनवत होती. 508 सी तिथे सिम्का 8 झाली. 1949 मध्ये सिम्काने बोअर 72 केला, 1221 सीसी झाली आणि तेच इंजिन 1951 च्या आरोंद गाडीत गेलं. मग बोअर 74, 1290 सीसी. पुढे त्याच मापांवर तीनऐवजी पाच मेन बेअरिंगांचा क्रँक आला, म्हणजे आतून इंजिन जवळजवळ नवं झालं. तरी स्ट्रोक 75 च. मूळ कंपनीशी नातं सैल झालं, नावं बदलली, पण सिम्काच्या ड्रॉइंगवर तो आकडा ठाण मांडून बसला होता. जर्मनीत हाइलब्रॉनला एनएसयू-फियाटच्या गाड्यांमध्येही हे इंजिन लागलं, पण तिथे त्याच्यात फारसं नवं काही घडलं नाही.

जे घडलं ते तोरीनोतच, आणि युद्धाच्या राखेतून. पिएरो दुझिओ नावाच्या उद्योजकाला स्वस्तातली रेसिंग गाडी हवी होती. आराखडा जाकोझाकडूनच करवून घेतला. पोलादी नळ्यांच्या हलक्या सांगाड्यात 1089 सीसीचं तेच इंजिन बसवलं, त्याची ताकद साठीच्या आसपास नेली आणि 1946 मध्ये चिसितालिया डी 46 तयार झाली. युद्धापूर्वी जे इंजिन डॉक्टर-वकिलांच्या गाडीत होतं, ते आता शर्यतीत पळत होतं. पुढच्या वर्षीच्या मिले मिल्याचं तर विशेष आहे. इटलीच्या रस्त्यांवरून हजार मैलांची ती शर्यत. 54 वर्षांचा, तब्येतीने खचलेला तात्सिओ नुवोलारी उघड्या चिसितालिया 202 मध्ये बसून बराच काळ आघाडीवर होता. मुसळधार पावसात इग्निशनमध्ये पाणी गेलं, वेळ गेला, आणि तो दुसरा आला. पहिली आलेली गाडी युद्धापूर्वीची अल्फा रोमिओ 8 सी 2900, आठ सिलिंडरची, इंजिन अडीच पटीहून मोठं. 1089 सीसीच्या या साध्या पुशरॉड इंजिनाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही. याच 202 ची पिनिन फरिनाने घडवलेली बंद गाडी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1951 च्या प्रदर्शनात मांडली. लोक तिची काया पाहत होते. बॉनेटखाली बलिल्लाचा वंशज होता.

शर्यतीतली त्याची सद्दी संपली तीही स्ट्रोकमुळेच. 1958 मध्ये इटलीत फॉर्म्युला ज्युनिअर हा शर्यतींचा वर्ग सुरू झाला, नियम असा की इंजिन कारखान्यातल्या चालू गाडीचंच हवं. मोदेनाच्या स्तांगेलिनी कंपनीने फियाट 1100 गाडीतलं हेच इंजिन घालून सुरुवातीचा काळ गाजवला. मग इंग्लंडहून फोर्ड अँग्लियाचं 997 सीसीचं इंजिन आलं. बोअर 81, स्ट्रोक फक्त 48.4. इथे थोडा हिशेब करून पाहावा. फियाटचा पिस्टन क्रँकच्या एका फेऱ्यात 150 मिलिमीटर प्रवास करतो. मिनिटाला 4,800 फेरे, म्हणजे सेकंदाला 80, धरले तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला 12 मीटर होतो. फोर्डचा पिस्टन एका फेऱ्यात 97 मिलिमीटरही चालत नाही. त्याला तोच 12 मीटरचा वेग गाठायला मिनिटाला 7,400 च्या वर फेरे लागतात. पिस्टन, रिंगा आणि रॉडवर येणारा ताण बराचसा या वेगावर ठरतो. म्हणजे त्याच श्रमात फोर्ड दीडपट फेरे मारत होता, आणि रुंद बोअरमुळे त्याला मोठे व्हॉल्व्हही बसत होते. कॉसवर्थ कंपनीने तयार केलेलं ते इंजिन 1960 मध्ये लोटस 18 या रेसिंग गाडीच्या पाठीत बसलं आणि पुढे इंजिन असलेल्या इटालियन गाड्या मागे पडल्या. कौशल्यात इटालियन कमी नव्हते. ब्लॉकच 1932 च्या विचाराचा होता.

पण शर्यतीत जे उणं ते शहरात उणं ठरत नाही, आणि इथून गोष्ट आपल्याकडे येते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला आणि 1953 ची नवी 1100 आपल्याकडे आली. गोल पाठीच्या त्या गाडीला लोकांनी लगेच डुक्कर फियाट हे नाव दिलं. 1964 पासून सरळ रेषांची 1100 डी आली. सत्तरच्या दशकात फियाटचं नाव गेलं, प्रेसिडेंट आली आणि 1974 पासून पद्मिनी. इटलीत 1100 डी ला 1221 सीसीचं इंजिन मिळालं होतं. तशाच अंगाची आपली पद्मिनी 1089 वर चालली. सौम्य कॅम, बेताचं कॉम्प्रेशन, 40 च्या आसपास अश्वशक्ती. कमी ऑक्टेनचं पेट्रोल तिला पचायचं, आणि दादरच्या गर्दीत तिसऱ्या गिअरमध्ये संथपणे सरकतानाही इंजिन गचके देत नसे.

ते एवढं टिकलं याचं श्रेय परवाना राज्याला आणि स्पर्धेच्या अभावाला देण्याची रीत आहे. ते खरं आहे, पण अर्धंच. 1985 मध्ये प्रीमियरने स्वतःच 118 एनई आणली, तिच्यात निस्सानचं 1171 सीसीचं नवं इंजिन होतं. त्याआधी 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली होती. तरीही टॅक्सीवाला पद्मिनीच मागत राहिला. कारण तिचं काम करणारा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर होता. जाकोझा मार्च 1996 मध्ये वारला, तेव्हाही कुर्ल्यात हे इंजिन बनत होतं.

मिस्त्रीच्या कामांपैकी टॅपेट सेटिंगचंच, म्हणजे व्हॉल्व्हची फट बसवण्याचंच, घ्या. इंजिन थंड. मिस्त्री वरचं झाकण काढतो, गाडी टॉप गिअरमध्ये टाकतो आणि पोऱ्याला हलकेच ढकलायला सांगतो, म्हणजे क्रँक फिरतो. फायरिंग 1-3-4-2. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी डुलले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिल्याचे दोन्ही पूर्ण मिटलेले असतात. तेव्हा पहिल्याचं सेटिंग करायचं. तिसरा डुलला की दुसऱ्याचं, आणि मग उलट. पान्याने नट धरायचा, स्क्रू फिरवायचा, फीलर गेज जरासं अडून सरकलं पाहिजे. आठ स्क्रू. कॉम्प्युटर नाही, कंपनीचा माणूस नाही.

खोडीही होत्या. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून घाटात पाणी उकळलं आणि ड्रायव्हर तसाच रेटत राहिला की हेड वाकायचं, गॅस्केट जायचं. मग हेड उतरवून फेसिंग. पुढे टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा व्हॉल्व्ह सीट लवकर झिजू लागल्या, कारण कोरड्या गॅसमध्ये पेट्रोलसारखा ओलावा नसतो. त्यावरही उपाय गल्लीतच निघाले.

2000 च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि 20 वर्षांच्या वयोमर्यादेनुसार 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. मधली दोन दशकं या इंजिनामागे कारखाना नव्हता, लेथवाले होते. सिलिंडर झिजला की रिबोर करून ओव्हरसाइझ पिस्टन. शेवटचा साइझही संपला की स्लीव्ह ठोकायची आणि बोअर पुन्हा 68 वर आणायचा. क्रँक झिजला तर ग्राइंडिंग करून जाड बेअरिंग घालायचं. त्यात जर्नलचा व्यास कमी होतो, स्ट्रोक तेवढाच राहतो.