‘तलाव’ आणि ‘धरण’ : मुंबईच्या पाणीयोजनांतील एका शब्दाविषयी

वर्धा जिल्ह्यातील देवळीच्या बाजूचा माणूस बोर किंवा धाम यांचा उल्लेख ‘धरण’ असाच करतो. पूर्व विदर्भात ‘तलाव’ म्हणजे मालगुजारी तलाव. त्याच्या पाण्यावर पाळीखालचीच शेती भिजते. मुंबईच्या पाणीपुरवठ्याचे कागद वाचू लागलो की मात्र हा भेद पुसला जातो. तेथे तानसा, वैतरणा, भातसा या साऱ्या नद्या ‘तलाव’ होऊन बसतात. प्रश्न केवळ कोशाचा असता, तर त्याची येथे दखल घेण्याचे कारण नव्हते.

या रूढीचा आरंभ समजण्यासारखा आहे. १८६० साली पूर्ण झालेला विहार आणि १८७९ चा तुळशी हे साष्टी बेटावरचे, शहराच्या नजरेच्या टप्प्यातले जलाशय होते. तेही नद्या अडवूनच झालेले; पण त्यांना इंग्रजीतून मिळालेल्या नावाचे ‘तलाव’ हे भाषांतर तेथे शोभून गेले. १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले, तेव्हा शहर दूरच्या शहापूर भागात जाऊन पोचले होते. शब्द मात्र विहारचाच राहिला. पुढे वैतरणेवरील जलाशयाला नगर अभियंते मोडक यांचे नाव देऊन ‘मोडकसागर’ म्हटले गेले. म्हणजे तलावाचा सागर झाला, आणि नदीचे नाव तेवढे गळाले.

‘धरण’ या शब्दात ‘धृ’ धातू आहे. धरायचे म्हणजे वाहणारे काही असले पाहिजे, आणि ते पुढे कोणाकडे तरी जात असले पाहिजे. ‘तलाव’ म्हणताच पाणी आपल्या जागी, जणू शहराचीच वाट पाहत, साचलेले दिसते. धरणाखाली गेलेली गावे आणि खालच्या काठावरची वस्ती यांविषयी प्रश्न विचारायला या शब्दात जागा राहत नाही.

डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९४ च्या सुमारास मुंबईच्या २०२१ पर्यंतच्या गरजेचा विचार केला. सव्वा पिढीपुढचे पाहणारे असे नियोजन आपल्याकडे विरळाच. समितीने मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ हे स्रोत सुचविले. त्यांतून दररोज अनुक्रमे ४५५, ४४० व ८६५ दशलक्ष लिटर पाणी अपेक्षित होते. शहराच्या बाजूने पाहता हा हिशेब चोख आहे. परंतु ‘दशलक्ष लिटर प्रतिदिन’ हे माप शहराच्या तोटीचे आहे, नदीचे नव्हे. ज्येष्ठातल्या कोरड्या पात्राला ते लावता येत नाही, ही गोष्ट मला त्या आकड्यांहून अधिक बोलकी वाटते.

मध्य वैतरणा २०१४ पर्यंत कार्यान्वित झाली आणि ‘सातवा तलाव’ म्हणून गणली जाऊ लागली. गारगाईचे तसे झाले नाही. तिचे नियोजित क्षेत्र पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या वनात येते. त्यामुळे झाडांचा आणि विस्थापित होणाऱ्या आदिवासी पाड्यांचा प्रश्न पुढे आला. २०२१ उलटले तेव्हा गारगाई व पिंजाळ या दोन्ही नद्या न अडवलेल्याच होत्या.