मुरुडची सून आणि बर्लिनच्या १४९ कवट्या

गेल्या मे महिन्यात माझी भाची दापोलीला आली ती फॉर्मांचा गठ्ठा घेऊन. ती पीएच.डी. करते आहे. विषय आरोग्य आणि समाजशास्त्र यांच्या सीमेवरचा. हर्णै बंदरावर मासळी निवडणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बायकांच्या अंगात रक्त कमी का असतं, त्या दवाखान्यात कधी जातात, कधी जात नाहीत, हे ती विचारत फिरते. तिच्या फॉर्मात एक रकाना होता, 'धर्म व जमात'. मार्गदर्शकांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की मुसलमान बायका घरच्यांच्या परवानगीशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाहीत, हे तुझ्या आकड्यांत दिसेलच.

संध्याकाळी ओटीवर बसून ती म्हणाली, "मामू, उत्तर आधीच ठरलंय तर मी चार वर्षं कशाला घालवू? आणि माझं उत्तर वेगळं आलं तर?"

मी तिला सल्ला दिला नाही. आमच्याच तालुक्याशी नातं असलेल्या एका पीएच.डी.ची गोष्ट सांगितली.

दापोलीपासून थोड्याच अंतरावर मुरुड आहे. जंजिऱ्याचं नव्हे, हे आमचं मुरुड. महर्षी धोंडो केशव कर्वे या गावचे. सहावीच्या परीक्षेसाठी ते कोकणातून घाट चढून पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, ही हकिगत शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. पुढे १९१६ मध्ये त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ उभं केलं. त्यांचा मुलगा दिनकर, आणि दिनकररावांची पत्नी इरावती.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या नदीवरून ठेवलेलं. शिक्षणासाठी पुण्यात आल्यावर त्या रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढल्या. रँग्लर मूळचे मुर्डीचे, म्हणजे पुन्हा दापोली तालुकाच. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ मध्ये पदवी घेतली. पुढचं शिक्षण जर्मनीत घ्यायचं ठरलं तेव्हा विरोध घरातूनच झाला. वडिलांना ते पसंत नव्हतं, आणि ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं त्या सासऱ्यांनाही नव्हतं. नवरा मात्र पाठीशी उभा राहिला. पैसे उसने दिले डॉ. जीवराज मेहता यांनी. ते तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डीन होते. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

बर्लिनमध्ये इरावतीबाईंना मार्गदर्शक मिळाले ते ऑयगेन फिशर. १९२७ मध्ये सुरू झालेल्या मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या कैसर विल्हेल्म संस्थेचे ते संचालक होते. १९०८ मध्ये त्यांनी आजच्या नामिबियातल्या रेहोबोथ इथे मिश्र संततीच्या कुटुंबांचा अभ्यास केला होता, आणि त्यातून वंशांच्या मिश्रणाविरुद्धचे निष्कर्ष काढले होते. आपल्या क्षेत्रात त्यांचा शब्द अंतिम मानला जाई.

त्यांनी या भारतीय विद्यार्थिनीला विषय दिला कवटीच्या असमानतेचा. माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. फिशर यांचं गृहीतक असं, की गोऱ्या युरोपियनांची बुद्धी अधिक तर्कशुद्ध, म्हणून त्यांच्या कवटीत ही असमानता अधिक असणार, कपाळाची उजवी बाजू मोठी असणार. इरावतीबाईंनी फक्त ते मोजून दाखवायचं होतं. कवट्या संग्रहातल्या होत्या. युरोपातल्या अशा संग्रहांत वसाहतींमधून नेलेली माणसांची हाडं असत, आणि ती द्यायला कोणी संमती दिलेली नसे.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सापडली, पण ती सगळ्यांतच सापडली. तिचा वंशाशी संबंध लागेना. त्यांनी जे दिसलं तेच लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, उसन्या पैशांवर शिकणाऱ्या बाईने पदवी ज्यांच्या हातात आहे त्यांचंच गृहीतक खोडून काढलं. १९३० मध्ये पदवी मिळाली, पण फिशर यांनी गुण दिले ते उत्तीर्ण होण्यापुरते, सर्वांत खालचे, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे.

पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, १९३३ मध्ये, फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. ऱ्हाईनलँडमध्ये आफ्रिकी सैनिक आणि जर्मन स्त्रिया यांच्यापासून जन्मलेल्या मुलांची १९३७ मध्ये सक्तीने नसबंदी झाली. त्या मुलांबद्दल तज्ज्ञ म्हणून मत देणाऱ्यांत फिशरही होते. जे उत्तर इरावतीबाईंना कवट्यांत सापडलं नव्हतं, त्याच उत्तरावर सरकारी शिक्का बसला.

हे फक्त जर्मनीचं पाप, असं समजून सुटका होत नाही. आपल्याकडे हर्बर्ट रिस्ले यांनी १८९१ मध्ये बंगालच्या जातींवरच्या ग्रंथात नाकाची रुंदी मोजून मांडलं होतं, की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. हेच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते.

या मोजमापाला मिळालेलं एक मोठं उत्तरही दापोलीशी जोडलेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, की आमचं घराणं मूळचं दापोली तालुक्यातलं. त्यांचं आंबडवे आज मंडणगड तालुक्यात येतं. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीत राहिलं, मग साताऱ्याला गेलं. १९१६ मध्ये, म्हणजे कर्व्यांचं विद्यापीठ निघालं त्याच वर्षी, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी दिलेली नाकांची मोजमापंच पुढे ठेवली आणि दाखवलं, की एकाच प्रांतातले ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे ठरत नाहीत. ज्या आकड्यांनी माणसं वर-खाली लावली, त्याच आकड्यांनी त्यांनी ती उतरंड मोडली.

इथे मला माझ्या घराबद्दल बोललं पाहिजे. आम्ही कोकणी मुसलमान. माझी नानी अभिमानाने सांगायची, की आपले पूर्वज अरब, दाभोळला गलबतातून उतरले. पुरावा काय? आपलं नाक बघ! आणि त्याच तोंडाने ती किनाऱ्यावरच्या दालदी मुसलमानांबद्दल म्हणायची, की ते आपल्यातले नव्हेत, त्यांच्यात मुलगी द्यायची नाही. एकाच मशिदीत, एकाच रांगेत उभे राहणारे लोक. इस्लाममध्ये जात नाही हे आम्ही दुसऱ्यांना छातीठोकपणे सांगतो. घरात मात्र नानीची मोजपट्टी तयार असते. रिस्ले यांचं पुस्तक तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला त्याची गरजही नव्हती.

इरावतीबाईंना मी देव्हाऱ्यात बसवत नाही. भारतात परतल्यावरही त्यांनी माणसं मोजणं सोडलं नाही. १९४० आणि १९५० च्या दशकांत महाराष्ट्रातल्या अनेक जातींच्या शरीरांची मोजमापं त्यांनी घेतली आणि छापली. शरीरात जातीचा इतिहास सापडेल ही आशा त्यांच्या मनातून पूर्ण गेली नव्हती. वर्गीकरणाचा मोह शिकलेल्या माणसालाही सुटत नाही, हे त्यांच्याकडूनही शिकावं.

पण त्यांचं एक शेवटचं काम मला फार जवळचं वाटतं. कोयना धरणामुळे उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात प्रश्न होते जमिनीचे, घराचे, तुटलेल्या नात्यांचे. १९७० मध्ये इरावतीबाई गेल्या. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि आमच्या दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. त्या विजेचे दिवे आमच्याही घरात लागले. त्यासाठी घाटावर कुणाची घरं बुडाली, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे जमातीचा रकाना काढून टाकू?"

मी म्हटलं, "काढू नकोस. काढलास तर भेदभाव असला तरी तुला दिसणार नाही. पण एकट्या रकान्याला कारण समजू नकोस. त्याच्या शेजारी आणखी चार रकाने आख. लिलाव किती वाजता संपतो, दवाखाना किती वाजता बंद होतो, एसटी कधी आहे, एका दिवसाची मजुरी बुडाली तर चूल कशी पेटते. हे सगळ्याच बायकांना विचार. आमच्यातल्या, त्यांच्यातल्या, कोळणींनाही. मग परवानगीचा मुद्दा खरोखर वर आला तर तोही लिही. आपल्या समाजाला लागेल म्हणून लपवू नकोस."

"आणि गुण कमी दिले तर?"

"तर कमी घे."

ती हसली, पण पुरती पटलेली दिसली नाही. तिची शिष्यवृत्ती त्या एका सहीवर अवलंबून आहे, आणि ती सही माझ्या हातात नाही. तरी रात्री उशिरापर्यंत ती पट्टी घेऊन फॉर्मावर नवे रकाने आखत बसली होती, आणि सकाळी पहिल्या एसटीने हर्णैला गेली.