पेडणे व डिचोली : लोकवस्तीची घनता

उत्तर गोव्यातील दोन तालुके. पेडणे तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या बेचक्यात, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला सिंधुदुर्ग जिल्हा. डिचोली बार्देश आणि सत्तरी यांच्या मधोमध, दक्षिणेला मांडवी. २०११ च्या जनगणनेत पेडण्याची लोकसंख्या ७५,७४७ आणि डिचोलीची ९७,९५५ भरली. दर चौरस किलोमीटरला पेडण्यात सुमारे ३०० माणसे, डिचोलीत सुमारे ४१०. राज्याची सरासरी तेव्हा ३९४ होती. शापोरा ओलांडून बार्देशात उतरले की हाच आकडा ९०० च्या घरात जातो, मुरगावात १,४०० च्या. उलट पूर्वेला सत्तरीत तो १३० च्या आसपास राहतो आणि तेव्हाच्या सांगे तालुक्यात, म्हणजे धारबांदोडा वेगळा होण्यापूर्वी, ८० च्याही खाली.

किनारा सखल म्हणून दाट आणि सह्याद्री चढणीचा म्हणून विरळ, एवढ्यावर हा फरक उलगडत नाही. समुद्र पेडण्यालाही आहे, आणि मोरजी ते हरमल ही किनारपट्टी बार्देशातल्या कळंगुटहून कमी सुपीक नाही. खरी रेघ इतिहासाने ओढली. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेल्या. डिचोली व सत्तरी त्यांच्या हाती आली १७८० च्या दशकाच्या आरंभी, पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ मध्ये. मधली अडीचशे वर्षे बंदर, राजधानी, दवाखाने आणि शाळा सगळे नदीपलीकडे, जुन्या काबिजादींत साठत गेले. नव्या काबिजादींच्या वाट्याला जंगल, जमीनदारी आणि फेरीबोट आली. आजचा घनतेचा नकाशा रंगवला तर ती जुनी हद्द अजून डोळ्यांना दिसते.

माणसे मात्र एकाच दिशेने गेली नाहीत. सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली तेव्हा दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर मांडवीपार डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आणला गेला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देव आला तो एकटा आला नाही. मागोमाग कुटुंबे आली, त्यांनी भाटे लावली, वाडे वसवले. अलीकडच्या डिचोलीत देवळे दाट आहेत, त्यामागे हे स्थलांतर आहे.

वस्ती गावात कुठे बसते हे तालुक्याच्या सरासरीत दिसत नाही. पेडण्यातला कोणताही जुना वाडा पाहावा. वर सडा : काळवंडलेला जांभा, पावसाळ्यात चार महिने गवत, मार्चनंतर तवा. खाली खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून आणि मानशीने भरती-ओहोटी आवरून राखलेली भाताची शेते. घरे या दोहोंच्या मधल्या पट्टीत, सड्याच्या पायथ्याशी, जिथे जांभ्यातून झिरपलेले पाणी झरीला फुटते. झरीखाली कुळागर, म्हणजे पोफळी-नारळीची बाग, कुळागराच्या कडेने घरांची ओळ. चौरस किलोमीटरला ३०० म्हणताना निम्मी जमीन निर्मनुष्य आणि उरलेल्या पट्टीत अंगणाला अंगण लागलेले असते. सपाट प्रदेशासाठी बेतलेले हे माप अशा भूमीला अपुरे पडते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध जवळजवळ थिजलेला गेला. १९०० मध्ये गोव्यात ४,७५,५१३ माणसे होती आणि १९६० मध्ये ५,८९,९९७. साठ वर्षांत वाढ जेमतेम एक चतुर्थांश, कारण कर्ती माणसे मुंबईला जात होती. पोर्तुगीज राजवटीतून मुक्तीनंतरच्या पहिल्याच दशकात लोकसंख्या ३४.७७ टक्क्यांनी वाढली. रस्ते आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा आल्या, १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवरील घराला संरक्षण दिले आणि गाव सोडण्याचे एक कारण कमी झाले.

पुढे दोन्ही तालुक्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. डिचोलीत लोहखनिज होते. शिरगाव, मये, साखळी या परिसरात ट्रक, बार्ज, दुरुस्तीची गॅरेजे आणि परप्रांतीय मजुरांच्या खोल्या वाढल्या. शिरगावच्या विहिरी मात्र खाणींच्या खोल खड्ड्यांपायी आटल्या आणि शेतांत गाळ भरला. ज्या धंद्याने माणूस आणला त्यानेच त्याचे पाणी नेले, ही गोष्ट या नोंदीत यायलाच हवी. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, काही काळ सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. २००१ ते २०११ या दशकात डिचोलीची लोकसंख्या सुमारे ८ टक्क्यांनी वाढली, म्हणजे राज्याइतकीच; पेडण्याची फक्त ५.२ टक्क्यांनी. पेडण्यात १९९८ पासून कोकण रेल्वे होती, पुढे शापोऱ्यावर शिवोली-चोपडे पूलही झाला, तरी तरुण रोज म्हापशाला किंवा पणजीला जात आणि रात्री घरी परतत. काही कायमचेच गेले.

२०११ नंतरचे पेडणे या आकड्यांत नाही. किनाऱ्यावर मोरजी, मांद्रे, आश्वे येथे बंगले आणि सदनिका उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितींत वर्षभर दिवा लागतो हा वेगळा प्रश्न. २०११ मध्येच राज्यातील सुमारे पाचवा हिस्सा घरे रिकामी आढळली होती. त्याहून मोठा बदल सड्यावर झाला. मोपाच्या पठारावर गुरे चरत आणि धनगरांची मोजकी घरे होती. ११ डिसेंबर २०२२ रोजी तिथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. ज्या उंचीला पाण्यावाचून वस्तीने शतकानुशतके टाळले, तिथे आता रस्ते, हॉटेले आणि कामगारांच्या चाळी चढत आहेत. २०२१ ची जनगणना लांबल्यामुळे या चढणीचा एकही अधिकृत आकडा अजून हाती नाही. मोपा, वारखंड, नागझर येथील जुनी घरे पायथ्याला झरीच्या ओळीतच आहेत.