कठड्याचे चार थर

स्मरणिकेसाठी ‘इमारतीचा इतिहास’ लिहा, असं कमिटीने सांगितलं तेव्हा मी ऑफिसचं कपाट उपसलं. भाड्याच्या जुन्या पावत्या, दोन-चार नकाशे, बस्स. इतिहास सापडला तो जिन्यात, हातात पॉलिश पेपर असताना.

गेल्या वर्षीची सर्वसाधारण सभा आठवत असेल. जिन्याचा लाकडी कठडा काढून स्टीलचा पाइप बसवायचा ठराव आला होता. खोटं कशाला बोलू, हात वर करणाऱ्यांत मीही होतो. रंगाचे पोपडे उडालेले, गज हलतायत, कपडे अडकतायत. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उठल्या. त्यांना आता जेमतेम उजेड-अंधार कळतो. म्हणाल्या, “दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हाताला खाच लागते, तिथून मी सात पायऱ्या मोजते. पाइपाला खाच कुठून आणू?” सभा गप्प झाली. ठराव बारगळला आणि कठडा रंगवून घ्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

वरचा थर चॉकलेटी. तो आपलाच. 2000 साली सोसायटी नोंदली गेली, मालकाकडून इमारत घेतली आणि आपल्या पैशांनी पहिलं काम केलं ते जिना रंगवण्याचं.

त्याखाली हिरवा, त्याखाली निळा. हे दोन्ही भाडेकरूंनी वर्गणी काढून दिलेले. निळा एका गणपतीच्या आधी, हिरवा एका लग्नाच्या निमित्ताने. मालक का रंगवत नव्हता? 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. भाडेकरूला त्यामुळे डोक्यावर छप्पर राहिलं, पण त्या भाड्यात डागडुजी परवडेना. जुन्या इमारती कोसळू लागल्या, म्हणून 1969 चा इमारत दुरुस्ती कायदा आला आणि आपल्या पावत्यांवर उपकर दिसू लागला. कठड्यावरचे दोन स्वस्त रंग हा त्या सगळ्याचाच हिशेब आहे.

सगळ्यांत खाली रंग नाहीच. काळपट लाल पॉलिश, चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हाताने चढवलेलं. आणि त्याखाली साग. सुतारकाकांनी एक कोपरा तासला, वास घेतला आणि म्हणाले, “ब्रह्मी साग दिसतोय.” 1863 साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा धंदा या सागावरच वाढला. 1885 मध्ये तिला ब्रह्मी दरबाराने केलेल्या दंडाचं निमित्त करून इंग्रजांनी तो देश गिळला. 1942 साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि हा पुरवठा तुटला. म्हणजे आपण रोज ज्याला धरून दूध-भाजी वर आणतो, त्या लाकडामागे एक लढाई आहे. वाळवी लागलेले तीन गज निघाले, ते मूळचे नव्हतेच. मागाहून ठोकलेले देवदाराचे होते.

एक चूक कबूल करतो. पहिल्या दिवशी मी कोरडंच घासायला घेतलं. जिनाभर धूळ झाली, पहिल्या मजल्यावरचं बाळ खोकायला लागलं. मग कळलं की जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा घालणारा नियमच 2016 चा. दुसऱ्या दिवसापासून वॉटरपेपर ओला करून घासलं, तोंडाला मास्क, झाडूऐवजी ओलं फडकं, आणि मुलांना जिन्यात बंदी.

लोकांना जिना तर लागणारच. म्हणून रात्री अकरानंतर एकेक मजला घेतला आणि भिंतीच्या बाजूने दोर बांधला, गिरगावातल्या जुन्या घरांच्या जिन्यात असायचा तसा. गजांना लांबी भरून, प्रायमर मारून ऑइलपेंट दिला. हात फिरतो त्या वरच्या पट्टीला मात्र रंग दिला नाही. लाखेचं पॉलिश घामाने, पाण्याने पांढरं पडतं, म्हणून पारदर्शक पीयूचे तीन हात दिले. प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पेपर फिरवून मगच पुढचा.

दुसऱ्या मजल्याच्या खाचेत सुतारकाका लांबी भरायला निघाले होते. त्यांचा हात धरला. काम संपलं त्या सकाळी आजी खाली आल्या, वळणावर थांबल्या, बोटाने चाचपलं आणि सात पायऱ्या मोजून उतरल्या. बोलल्या काहीच नाहीत. नेहमीसारख्या दुधाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

पुढच्या कमिटीला एकच विनंती. वरच्या पट्टीवर दर दोन-तीन वर्षांनी पीयूचा एक हात द्या, आणि खाच बुजवू नका.