अमळनेरचे तूप

2024 च्या फेब्रुवारीत 97 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले. अध्यक्ष आमच्या नागपूरचे डॉ. रवींद्र शोभणे, त्यामुळे इकडून आम्ही बरेच जण गेलो होतो. जेवणाच्या मांडवात शेजारच्या गृहस्थांनी माझे नाव विचारले. मी सांगितले. ते खुलून म्हणाले, "अरे वा! म्हणजे तुमच्या प्रेमजींचे गाव की हे!"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पुढे त्यांनी आग्रहाने मला भरीतही वाढायला लावले. पण त्या 'तुमच्या' पाशी माझा घास जरा अडला. घरी परतल्यावर मोमिनपुऱ्यातल्या एका जुन्या मित्राला हा प्रसंग सांगितला, तर त्याची तक्रार उलटीच. "आपला असून आपल्यासाठी काय केले त्यांनी?" एक 'तुमचा' म्हणतो, दुसरा 'आपला'. आकाशवाणीने दातृत्वावर बोलायला सांगितले तेव्हा मला अझीम प्रेमजींखेरीज दुसरे नाव सुचेना, ते यामुळेच.

जळगाव जिल्ह्यातले अमळनेर हे दान पाहिलेले गाव. श्रीमंत प्रताप शेठजींनी तिथे गिरणी काढली आणि तत्त्वज्ञान मंदिरही उभारले, तेही 1916 मध्ये. ज्या प्रताप हायस्कूलात 1924 ते 1930 साने गुरुजी शिकवत होते, ते त्यांच्याच नावाचे. 1945 साली गावात प्रताप महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या महंमद हाशम प्रेमजींनी तिथल्या तेलाच्या कारखान्यासाठी कंपनी नोंदवली. नाव 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड'. माल म्हणजे सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि 787 नावाचा कपडे धुण्याचा साबण. आमच्या घरी कोणत्याही कंपनीचे वनस्पती तूप 'डालडा'च असायचे आणि रिकाम्या डब्यात अम्मी पीठ भरून ठेवायची. त्या डब्याचा पुढे संगणकाशी संबंध येईल, असे कुणी सांगितले असते तर ती हसली असती.

कंपनी नोंदली गेली त्याच वर्षी, 24 जुलैला, अझीम यांचा जन्म झाला होता. ऑगस्ट 1966 मध्ये वडील अचानक गेले, तेव्हा ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत होते. वय एकवीस. शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उभे राहून सुनावले, की हा धंदा तुम्हाला झेपणार नाही, समभाग विकून मोकळे व्हा. सभेत असा एक तरी माणूस असतोच. अर्धी राहिलेली पदवी त्यांनी तीसेक वर्षांनी, विद्यापीठाची परवानगी काढून, पुरी केली.

1977 मध्ये कंपनीच्या नावातून 'व्हेजिटेबल' हा शब्द गेला आणि 'विप्रो' आले. त्याच वर्षी दिल्लीत जनता सरकार आले. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. परदेशी कंपन्यांनी इथल्या कंपनीतला आपला हिस्सा कमी करावा, हा कायदा आधीचाच होता. तो मानण्याऐवजी आयबीएमने देश सोडणे पसंत केले. बँका, कारखाने, सरकारी खाती यांना आता संगणक कोण देणार? ही पोकळी ज्या थोड्या लोकांनी हेरली, त्यांत हे तुपाचे कारखानदार होते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी विप्रोने बंगळुरात संगणक बांधायला घेतले. पुढे सॉफ्टवेअर आले आणि ऑक्टोबर 2000 मध्ये कंपनीची नोंदणी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात झाली. ही चढण आपल्या वाचनात अनेकदा आली आहे, ती मी इथेच सोडतो. अमळनेरच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. कंपनी गावातली, म्हणून तिथल्या कितीतरी घरांनी तिचे समभाग घेतले होते आणि पेटीत तसेच ठेवून दिले होते. दर काही वर्षांनी बोनस समभाग येत गेले आणि साध्या राहणीची ती माणसे कागदोपत्री कोट्यधीश झाली.

आता दानाकडे येऊ. या शतकाच्या आरंभी प्रेमजींनी प्रतिष्ठान स्थापन केले. 2010 च्या डिसेंबरात त्यांनी विप्रोचे सुमारे 8,846 कोटी रुपयांचे समभाग शिक्षणाच्या कामासाठी दिले. 2013 मध्ये, आयुष्यभरात निम्म्याहून अधिक संपत्ती देऊन टाकण्याची जगातल्या धनिकांची जी प्रतिज्ञा आहे, तिच्यावर सही करणारे ते पहिले भारतीय ठरले. 2019 च्या मार्चमध्ये आणखी 52,750 कोटींचे समभाग दिले. एकूण दान 1,45,000 कोटींवर गेले. विप्रोच्या मालकीचा 67 टक्के आर्थिक लाभ त्या दिवसापासून प्रतिष्ठानचा झाला.

या वाक्यातला 'लाभ' हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. प्रेमजींनी पैसे काढून वाटले नाहीत, झाडच वाहून दिले. समभागांवर लाभांश मिळतो, कंपनी कधी ते परत विकत घेते, आणि येणारी रक्कम प्रतिष्ठानला जाते. दिलेले परत घेता येत नाही. आमच्याकडे जकात ठाऊक असते, बचतीच्या शेकडा अडीच. पण हे जकातीपेक्षा वक्फच्या जवळचे वाटते. वक्फ म्हणजे अडवून ठेवणे: मालक बाजूला होतो, मिळकत विकायची नसते, उत्पन्न ठरल्या कामाला लागते. नागपूरकरांना हे नवे नाही. कामठीचे मँगनीजच्या खाणींचे मालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण 1930 मध्ये वारले. उपयोजित विज्ञान शिकवावे म्हणून मृत्युपत्रातून त्यांनी नागपूर विद्यापीठाला मोठी रक्कम ठेवली आणि 1942 मध्ये आपली 'एलआयटी' उभी राहिली. तिथे तेलतंत्रही शिकवतात. लक्ष्मीनारायण काही तिचा वर्ग पाहायला राहिले नाहीत. प्रेमजींनी जिवंतपणी दिले, एवढा फरक.

टीकाकार म्हणतात, लाभ दिला तरी कारभार घराण्यातच राहिला. खरे आहे. जुलै 2019 च्या अखेरीस ते निवृत्त झाले आणि चिरंजीव रिशद अध्यक्ष झाले. मला यात ढोंग दिसत नाही, पण त्याग हा शब्द वापरतानाही मी थोडा थांबतो.

हे आले कुठून? प्रेमजी स्वतः आईकडे बोट दाखवतात. गुलबानू प्रेमजी डॉक्टर होत्या, पण त्यांनी दवाखाना थाटला नाही. पोलिओने अपंग झालेल्या मुलांसाठी मुंबईत चिल्ड्रन्स ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभारण्यात आणि चालवण्यात त्यांचे आयुष्य गेले. गांधीजींचा विश्वस्ताचा विचारही प्रेमजी सांगतात. श्रीमंताने स्वतःला मालक न मानता राखणदार मानावे, हा तो विचार.

आणि आता मित्राची तक्रार. प्रतिष्ठानचा मोठा भर सरकारी शाळांवर आहे. त्यांची माणसे छत्तीसगड आणि मध्य प्रदेश या आपल्या शेजारी राज्यांत, तशीच राजस्थान, उत्तराखंड, कर्नाटकातल्या आडवळणी गावांत शिक्षकांसोबत बसतात. गणित कसे शिकवावे, वाचायला न येणाऱ्या पाचवीच्या मुलाचे काय करावे, अशा कामांत वर्षे जातात आणि छायाचित्र काढण्यासारखे काही घडत नाही. सरकारचे काम एका धनिकाने का करावे, हा प्रश्न मलाही पडतो. पण या शाळा सरकारच्याच राहतात, हे मला महत्त्वाचे वाटते. तिथे कोण बसते, हे आपल्याला माहीत आहे. ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही, ती सगळी.

2024 मध्ये प्रतिष्ठानने कर्नाटक सरकारशी करार केला. तीन वर्षांत सुमारे 1,500 कोटी रुपये, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या 55 लाख मुलांसाठी. दुपारच्या जेवणात आठवड्यातले दोन दिवस सरकार अंडे देत होते, उरलेल्या चार दिवसांचे प्रतिष्ठानने द्यायचे. जो अंडे खात नाही त्याला केळे.

मित्राला हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे आपल्याही पोरांना मिळत असेल की."

"शाळेत गेली असतील तर," मी म्हटले.