गाईंच्या वंध्यत्वाची चिकित्सा : एक ऐतिहासिक विवेचन

गाईच्या प्रजननासंबंधी मराठी शेतकऱ्याच्या बोलीत शब्दांची वाण नाही. गाय माजावर येते, बळस टाकते, फळते. गर्भ न राहिल्यास उलटते, अकाली पडल्यास गाभडते. व्यायल्यावर तिची वार अडकते. ही सारी क्रियापदे घटना सांगतात. 'वांझ' हे विशेषण मात्र जनावराचा स्वभावच ठरवून टाकते, आणि एकदा ते चिकटले की दावणीवरील त्या गाईची जागा जाते. गर्भाशयरोगांच्या चिकित्सेचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या विशेषणाचे पुन्हा घटनेत झालेले रूपांतर होय.

या इतिहासात डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांग यांच्या 1897 मधील संशोधनाला मोठे स्थान आहे. गाभडण्याची साथ कळपात पसरते हे गोपालकांस पूर्वीपासून ठाऊक होते. कारण मात्र हाती लागत नव्हते. गाभडण्याची चिन्हे दिसू लागलेली एक गाय बांग व त्यांचे सहकारी स्ट्रीबोल्ट यांनी मारून तपासली. तेव्हा गर्भाशयाची भित्ती व गर्भावरणे यांच्यामध्ये त्यांना एक स्राव आढळला व त्यात सूक्ष्म जंतू दिसले. त्या जंतूंचा शुद्ध संवर्ध गाभण गाईंच्या शरीरात घालून त्यांनी रोग पुन्हा उत्पन्न करून दाखविला. पुढे 1918 मध्ये ॲलिस इव्हान्स यांनी, डेव्हिड ब्रूस यांना 1887 मध्ये माल्टा येथे सापडलेल्या मानवी ज्वराच्या जंतूशी याचे निकटचे नाते असल्याचे सिद्ध केले. गोठ्याचा रोग दुधावाटे घरात येतो, ही गोष्ट तज्ज्ञांनाही सहजासहजी पटली नाही.

तथापि हा रोग औषधाने बरा होणारा नव्हता. त्यावर लस हाच उपाय ठरला. भारतात 2019 पासून चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना ती राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत टोचली जाते. खरी चिकित्सा झाली ती व्यायल्यानंतर होणाऱ्या गर्भाशयदाहाची. डेन्मार्कच्याच आल्ब्रेक्टसेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गर्भाशयमुख चिमट्याने मागे ओढून नळीवाटे आयोडीनचे द्रावण आत सोडण्याची पद्धत रूढ केली. दुसऱ्या महायुद्धानंतर आयोडीनच्या जोडीला पेनिसिलिन आले. सोय वाढली, तशी अविवेकी वापराची सवयही वाढली.

वस्तुतः व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक सर्व गाईंच्या गर्भाशयात जंतू असतात, आणि पुष्कळशा गाई त्यांचे निवारण स्वतःच करतात. 1970 नंतरच्या दशकात प्रोस्टाग्लँडिनचा उपयोग सुरू झाला तो याच शक्तीच्या आधाराने. हे द्रव्य जंतूंना मारत नाही. ते बीजांडकोशातील पीतपिंडाचा ऱ्हास घडवून गाईला माजावर आणते. माजाच्या काळात गर्भाशयमुख उघडते, स्राव वाहून जातो आणि गर्भाशयाची प्रतिकारशक्तीही वाढते. पीतपिंडच नसेल, तर अर्थातच त्याची ही क्रिया घडत नाही.

परिभाषेचा घोळ मात्र दीर्घकाळ टिकला. 2006 मध्ये शेल्डन व सहकाऱ्यांनी मेट्रायटिस आणि एन्डोमेट्रायटिस यांच्यात रेषा आखली. पहिला विकार प्रायः व्यायल्यापासून 21 दिवसांच्या आतला : गर्भाशय फुगलेले, स्राव तांबूस-तपकिरी, पातळ व दुर्गंधी. दुसऱ्यात 21 दिवसांनंतरही पू येत राहतो, पण गाय वरकरणी निरोगी दिसते. मराठीत दोहोंनाही 'गर्भाशयदाह' म्हटले जाते. वारंवार उलटणाऱ्या गाईच्या बाबतीत तपासावयाचा असतो तो मुख्यतः दुसरा.